पाचवारी आणि सहा नंबर

गेल्या वर्षी मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीतील एडिसन येथे जाण्याचा योग आला, तेव्हा माझ्या सामानात डिंकाचे लाडू, आळीव, वेखंड आणि जुन्या सुती पातळांची हाताने शिवलेली बारा दुपटी एवढा सरंजाम होता. विमानतळावरील जकातीच्या अंमलदाराने लाडवांची बारकाईने चौकशी केली, वेखंड नाकाशी धरून पाहिले, दुपट्यांकडे मात्र ढुंकूनही पाहिले नाही. घरी पोहोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी मुलीने विचारले, “आई, तुला काय वाटतं, मला पाच नंबर लागेल की सहा?” प्रश्न पादत्राणांचा असावा अशा समजुतीने मी तिच्या सुजलेल्या पावलांकडे पाहिले. तिला विचारायचे होते ते बाळाला अंगाशी बांधण्याच्या विणलेल्या लांबट कापडाविषयी, ज्याला तिकडच्या आपल्या मुली सरसकट ‘रॅप’ म्हणतात. आणि ज्या स्त्रीचे निम्मे आयुष्य पाचवारी नेसण्यात गेले तिला कापडाच्या लांबीविषयी काही कळत असेल, ही तिची अपेक्षा वावगी नव्हती. मला काहीच सांगता आले नाही. ती लाज पुढे सहा महिने पुरली, आणि त्या सहा महिन्यांत या क्रमांकांच्या पूर्वेतिहासाचा जो धागा हाती आला तो येथे उलगडून ठेवीत आहे.

प्रथम क्रमांकांचा जाबता सांगितला पाहिजे. कापडाची रुंदी बहुधा सत्तर सेंटिमीटरांच्या आसपास कायम असते. बदलते ती लांबी, आणि तीही सुमारे अर्ध्या अर्ध्या मीटरच्या पायऱ्यांनी. दोन नंबर म्हणजे २.७ मीटर, तीन म्हणजे ३.२, चार म्हणजे ३.७ च्या आगेमागे, पाच म्हणजे ४.२, सहा म्हणजे ४.६ ते ४.७, सात म्हणजे ५.२. विणकराविणकरांच्या तक्त्यांत दहा सेंटिमीटरांचा फरक पडतो, परंतु सात नंबरच्या वर फारसे कोणी जात नाही. ज्या देशात कापड अद्याप वाराने फाडून मिळते आणि ज्याने १९७५ साली मेट्रिक पद्धतीचा कायदा केला तोही ऐच्छिक ठेवला, त्या देशात हे कापड मीटरात मोजले जाते. कारण ते जर्मनीच्या वाटेने आले आहे. सामान्य खरेदीदार स्त्री मात्र मीटरही बोलत नाही आणि वारही बोलत नाही. ती नुसता क्रमांक बोलते, आणि अशा रीतीने एका मापाला कोणत्याही एककाची बांधिलकी न राहिल्याचा चमत्कार घडला आहे.

याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, हा क्रमांक बाळाचा नव्हेच. झबली, टोपरी, मोजे, पाळण्यातली गादी या सर्व जिनसा बाळाच्या महिन्यांवर ठरतात. हे एकच वस्त्र असे आहे की ज्याचे माप आईच्या अंगावरून घ्यावे लागते. याचे कारण बांधणीत आहे. कापडाचा मध्य छातीवर ठेवावयाचा, दोन्ही पदर पाठीमागे नेऊन तेथे फुली मारून खांद्यांवरून पुढे आणावयाचे, त्या खोळीत बाळ बसवून पदर त्याच्या बुडाखाली पुन्हा ओलांडून मांड्यांखालून मागे न्यावयाचे आणि कमरेशी गाठ मारावयाची, ही पुढच्या फुलीची बांधणी या शास्त्रात प्रमाण मानली जाते, आणि ज्या क्रमांकात ती सुखाने बांधून गाठीपुढे हात-दीड हात पदर उरतो तो त्या स्त्रीचा मूळ क्रमांक ठरतो. कापड आईच्या धडाला एकाहून अधिक वेढे घालते. त्यामुळे तिच्या घेरात चार बोटे वाढली तर लांबीत वीतभर वाढ धरावी लागते, उलट बाळ दुपटीने वजनदार झाले तरी कापडाला त्याची फारशी खबर नसते. मध्यम बांध्याच्या स्त्रीला सहा, ठेंगण्या-सडपातळ स्त्रीला पाच, स्थूल किंवा धिप्पाड व्यक्तीला सात, हा झाला ढोबळ अंदाज. मग पाठीवर साध्या रीतीने बांधावयाचे असेल तर मूळ क्रमांकातून दोन वजा, कडेवर एका खांद्यावरून सरकगाठीने बांधावयाचे असेल तर तीन किंवा चार वजा. मूळ क्रमांक कळला की बाकी सर्व वजाबाकी.

या वजाबाकीची गरज अमेरिकेला का पडली, हा खरा इतिहासाचा प्रश्न आहे. कारण मूल अंगावर वागवणे ही त्या भूमीला नवी गोष्ट मुळीच नव्हती. तेथील मूळ रहिवाशांच्या अनेक जमातींत बाळाला लाकडी फळीवर चामड्याने किंवा कापडाने आवळून ती फळी पाठीवर घेण्याची पद्धत होती, आणि ती काही ठिकाणी आजही आहे. शोशोनी जमातीच्या साकागाविया हिने ११ फेब्रुवारी १८०५ रोजी मुलाला जन्म दिला आणि काही आठवड्यांतच त्याला घेऊन ती लुईस व क्लार्क यांच्या मोहिमेबरोबर पॅसिफिक महासागराकडे निघाली. २००० सालापासून निघालेल्या अमेरिकन डॉलरच्या नाण्यावर ती पाठीवरच्या बाळासह कोरलेली आहे. आपल्याकडेही पाठीशी मूल बांधून घोड्यावर स्वार झालेल्या झाशीच्या राणीचे चित्र घरोघर लागले; ती ज्या घराला वंदनीय, त्या घरातील सुनेने रस्त्यावरून मूल पाठीशी बांधून नेले असते तर काय गहजब झाला असता, याची कल्पना करावी. (दामोदररावाला १८५३ साली दत्तक घेतले होते, तेव्हा १८५८ साली तो तान्हा असणे शक्य नव्हते, हे त्या चित्रकारांपैकी फार थोड्यांनी मनावर घेतलेले दिसते.) तात्पर्य, नाण्यावर आणि चित्रावर जे शोभते ते ओसरीवर शोभत नाही, या बाबतीत दोन्ही देश एकाच पंक्तीला बसतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या नागर वस्तीत प्रतिष्ठेचे वाहन होते ते चाकांची बाबागाडी. याच काळात, १८८३ साली, आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. त्यांचा प्रबंध आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर होता, आणि स्वतःचे दहा दिवसांचे अपत्य गमावलेल्या त्या मुलीने तो विषय का निवडला असेल हे सांगावयास नको. त्या पदवीदान समारंभासाठी इंग्लंडहून आलेल्या पंडिता रमाबाईंनी पुढे त्या देशाचा सविस्तर वृत्तांत लिहिला, तो ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ या नावाने १८८९ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी बाल्टिमोरच्या विल्यम रिचर्डसन या कृष्णवर्णीय संशोधकाने बाबागाडीतील एका सुधारणेची सनद मिळवली. बाळाची बैठक फिरवून त्याचे तोंड ढकलणाराकडे करता येईल, अशी ती योजना होती. मला ही सनद फार बोलकी वाटते: मूल अंगावेगळे झाल्यावर त्याचे तोंड तरी दिसावे, ही तळमळ यंत्रशास्त्राच्या भाषेत तेथे प्रकट झाली आहे.

पुढे तर शास्त्रानेच मूल अंगावेगळे ठेवण्याचे फर्मान काढले. न्यूयॉर्कचे डॉक्टर एमेट होल्ट यांचे १८९४ सालचे बालसंगोपनाचे प्रश्नोत्तररूप पुस्तक दोन पिढ्या अमेरिकन मातांच्या उशाशी होते. बाळाला झोके देण्याची मुळीच आवश्यकता नाही, असे त्यात बजावलेले आहे. १९२८ साली जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञाने आणखी पुढे जाऊन मुलांना कुरवाळण्यावर आणि मांडीवर घेण्यावर कडक टीका केली. सकाळी मुलाशी हस्तांदोलन करावे, इथपर्यंत त्याची मजल गेली. ज्या देशात ही पुस्तके वाचून दोन पिढ्या वाढल्या तेथे मूल कापडात कसे बांधावे हे सांगणारी आजी शिल्लक राहणे शक्य नव्हते. मोजपट्टी आणि क्रमांक यांची गरज पडली ती येथे. परंपरेची साखळी जेथे तुटते तेथे कोष्टक जन्माला येते.

साखळी पुन्हा जोडण्याचे प्रयत्न झाले ते बाहेरून आणलेल्या कड्यांनी. ॲन मूर ही परिचारिका १९६० च्या दशकाच्या आरंभी पीस कोअर या अमेरिकन स्वयंसेवक-योजनेमार्फत पश्चिम आफ्रिकेतील टोगो देशात होती. तेथील स्त्रिया मुले पाठीशी बांधून सर्व कामे करतात हे तिने पाहिले, आणि मायदेशी परतल्यावर आपल्या मुलीला तसेच शालीत बांधण्याचा यत्न केला; पण मूल खाली घसरू लागले. टोगोतील स्त्रीच्या कमरेची आणि गाठीची जी समज लहानपणापासून धाकटी भावंडे वागवून अंगात मुरलेली असते, ती काही सामानातून आणता येत नाही. तेव्हा ओहायोत राहणाऱ्या आईने, लुसी ऑकरमन यांनी, तिला पट्टे लावलेली पिशवी शिवून दिली. १९६९ साली तिचे पेटंट झाले आणि ‘स्नगली’ या नावाने ती घरोघर गेली. गाठीची विद्या आली नाही म्हणून शिवण आली, असा हा व्यवहार आहे. पिशवीला क्रमांक लागत नाही, पट्टा ओढला की झाले. पण पिशवी म्हणजे कापड नव्हे.

कापड आले ते जर्मनीतून. एरिका हॉफमन या जुळ्यांच्या मातेने लॅटिन अमेरिकेतून आलेल्या एका बांधणीच्या कापडात आपली मुले वागवली, शेजारणींनी विचारणा सुरू केली, आणि १९७२ साली तिने ‘डिडिमॉस’ ही पेढी काढली. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ जुळा. तिचे कापड म्हणजे मेक्सिकोतील रेबोझो या शेल्याची लांबलचक युरोपीय नात होय. मेक्सिकोची स्त्री रेबोझो घेताना मूल बांधण्याचे माप विचारीत नाही; तो तिच्या डोक्यावर, खांद्यावर, बाजारहाटाच्या गाठोड्यावर आधीच असतो, आणि बाळ त्यात मागाहून येते. जर्मन स्त्रीला आणि तिच्यामागून अमेरिकन स्त्रीला बाळासाठीच कापड विकत घ्यावयाचे होते, ‘किती लांब?’ हा प्रश्न त्यामुळे प्रथमच दुकानदारासमोर उभा राहिला. अमेरिकेत मधल्या काळात दुसरा प्रवाह होता. १९८१ साली हवाई बेटांत रेनर गार्नर यांनी दोन कड्यांतून ओवून आवळण्याची झोळी केली, आणि डॉक्टर विल्यम सिअर्स व त्यांच्या परिचारिका पत्नी मार्था यांनी मूल अंगावर ‘लेण्याचा’ शब्दच त्या देशात रूढ केला. १९८६ साली माँट्रिअलमध्ये हुंझिकर आणि बार यांनी केलेल्या प्रयोगात ज्या बाळांना रोज अधिक वेळ अंगावर वागवले त्यांचे रडणे-कुरकुरणे सहाव्या आठवड्यात ४३ टक्क्यांनी कमी भरले. आपल्या कोणत्याही आजीने हा आकडा ऐकून ‘मग काय?’ एवढेच म्हटले असते. पण होल्ट आणि वॉटसन यांच्या पुस्तकांना उत्तर देण्यास आजी पुरत नाही, आकडाच लागतो.

कायद्याचा अंमल मागाहून आला, आणि तो दुःखद कारणाने आला. १२ मार्च २०१० रोजी अमेरिकेच्या ग्राहकोपयोगी वस्तू सुरक्षा आयोगाने झोळ्यांविषयी इशारा दिला: मागील वीस वर्षांत झोळ्यांशी संबंधित असे चौदा बालमृत्यू आयोगाच्या तपासात होते, आणि त्यांपैकी बारा बाळे चार महिन्यांच्या आतली होती. ढिल्या झोळीत तान्ह्याची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनलिका दुमडते, किंवा कापडच नाकातोंडाशी येते. त्याच महिन्यात पिशवीसारख्या खोल झोळ्या दहा लाखांहून अधिक संख्येने परत मागवण्यात आल्या. २००८ च्या सुरक्षा-सुधारणा कायद्यान्वये तयार झालेला झोळ्यांचा सक्तीचा नियम २०१७ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला आणि एका वर्षाने अमलात आला. लांब विणलेले रॅपही त्याच्या कक्षेत आले, आणि घरच्या मागावर विणणाऱ्या बाईलाही त्रयस्थ प्रयोगशाळेची कसोटी, सूचनापत्रक आणि कापडावर कायमचे शिवलेले इशाऱ्याचे लेबल बंधनकारक झाले. लहान विणकरांना हा भुर्दंड जड गेला, तरी नियम चुकीचा होता असे मला म्हणवत नाही. प्रमाणाबाहेर लांब कापड ढिले बसते, आखूड कापडाची गाठ अपुरी पडते. क्रमांक हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे.

आता आपल्याकडे वळते. न्यू जर्सीतील मराठी माता हे कापड बांधताना हमखास म्हणतात की, ‘आपल्याकडे हे पूर्वीपासून होतंच.’ होते, पण आपल्याकडे म्हणजे कोणाकडे? मध्यमवर्गीय मराठी घरात मूल कडेवर असे, पाळण्यात असे, फार तर आढ्याला टांगलेल्या लुगड्याच्या झोळीत असे. अंगाशी बांधून घेत ती शेतावर राबणारी, डोंगरात लाकूडफाटा वेचणारी, बिऱ्हाड पाठीवर घेऊन भटकणारी स्त्री; उसाच्या फडात आणि इमारतींच्या पायथ्याशी ती आजही दिसते. ओसरीवरच्या बाईचे दोन हात बाळाला मोकळे होते, फडातल्या बाईचे नव्हते, एवढाच हा फरक. स्थलांतराच्या १९६५ च्या कायद्याने अमेरिकेचे दार उघडले तेव्हा आत शिरले ते अभियंते आणि डॉक्टर. १९६९ साली शिकागोत महाराष्ट्र मंडळ निघाले, १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ झाले, गणपती आले, नाटके आली, पण मूल बांधण्याची विद्या काही आली नाही, कारण ती येणाऱ्यांच्या घरात कधी नव्हतीच. माझ्या मुलीला तिच्या आईकडून जे मिळाले नाही ते जर्मन तक्त्यातून घ्यावे लागले, याचे कारण माझे विस्मरण नव्हे. मला ते कोणी शिकवलेच नव्हते, आणि ज्या बायकांना येत होते त्यांना विचारण्याचे माझ्या मनात कधी आले नाही.

माप मात्र आपल्याकडे होते, आणि चांगले बारीक होते. चोवीस तसूंचा गज, हात, वीत, मूठ, बोट. त्यातही एका पेठेचा गज दुसऱ्या पेठेच्या गजाशी जुळेल याची हमी नसे. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली, तरी साडीच्या नावातला वार कोणाला काढता आला नाही. एका दुपारी मी कागद घेऊन बसले आणि वारांचे मीटर केले. तीन वार म्हणजे २.७४ मीटर: तो झाला दोन नंबर. साडेतीन वार म्हणजे ३.२०: तीन नंबर, अगदी काटेकोर. चार वार, ३.६६: चार नंबर. पाच वार म्हणजे ४.५७ मीटर, आणि तोच अमेरिकेतील मध्यम बांध्याच्या स्त्रीचा सहा नंबर, फार तर किंचित कमी. नऊवारी ८.२३ मीटर भरते, ती तक्त्याच्या पार बाहेर. पण जुने नऊवारी लुगडे मधोमध फाडले, जसे ते दुपट्यांसाठी फाडले जाई, तर प्रत्येक तुकडा ४.११ मीटरचा, म्हणजे पाच नंबरच्या जवळपास. कडेवरच्या बांधणीला तीन वार पुरतात हे पाहून तर मला हसू आले. जी बांधणी आमच्या सवयीला सर्वांत जवळची, तिलाच सर्वांत थोडे कापड.

हा हिशेब मुलीला दाखवला तेव्हा ती उठून माझी पाचवारी घेऊनच आली. मोजली, बरोबर भरली. पण बांधली नाही, आणि तिने बांधली नाही हे योग्यच केले. गिरणीची साडी रुंदीला सव्वा वार असते, रॅपच्या दीडपटीहून अधिक. जादा कापड बाळाच्या मानेशी गोळा होते. शिवाय ती झिरझिरीत, खांद्याला काचते. रॅपची वीण बहुधा तिरकस असते, त्यामुळे कापड लांबीरुंदीत ताणत नाही, कर्णरेषेत मात्र किंचित देते, आणि म्हणून बाळाच्या पाठीच्या बाकाशी जमते. काठ दोन निरनिराळ्या रंगांचे विणतात, म्हणजे कोणता काठ ढिला पडला ते हाताला चटकन कळावे. मध्यावर खूण शिवलेली असते. पदर तिरपे कापलेले असतात, गाठ लहान बसावी म्हणून. काठ आणि पदर हे शब्द मीच तिला दिले, आणि ते तिने घेतले. नवे कापड पुठ्ठ्यासारखे ताठ असते. ते मऊ करण्यासाठी तिकडच्या बायका त्याची वेणी घालतात, धुतात, इस्त्री करतात, उशाशी घेऊन निजतात. जुन्या लुगड्याचे मोल आपण का करतो ते त्यांना समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

शेवटी क्रमांक कोणता घेतला? मुलगी ठेंगणी, जावई सहा फूट उंच. तिचा मूळ क्रमांक पाच, त्याचा सात. दोन घ्यावेत तर खर्च दुप्पट, म्हणून सहा घेतला: तिच्या गाठीपुढे पदर गुडघ्यापर्यंत लोंबतो, त्याला पुढची फुली जमत नाही पण पाठीवरची साधी बांधणी सुखाने जमते. रविवारी तो नातीला पाठीवर बांधून भाजी आणायला जातो, आणि ओसरीवरच्या आमच्या कोणत्याही पुरुषाने जे केले नसते त्याकडे एडिसनच्या रस्त्यावर कोणी वळूनही पाहत नाही.

माझ्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी, गावात किंवा फडात मूल अंगाशी बांधणारी वडीलधारी बाई अजून हयात असेल, त्यांनी तिच्याजवळ बसून एवढे लिहून ठेवावे: कापड किती हात होते, नवे की जुने, मूल पाठीवर की कडेवर, आणि गाठ कोणत्या खांद्याशी पडे. सोबत तिचे नाव आणि गावही लिहावे.